ऊनख मोरपेक्षा ऊनख बेक उंच कसा? गेलिक डोंगरनावांबद्दल प्रश्न

घोडबंदरची_वाट:
ठाण्यातल्या आमच्या ट्रेक ग्रुपसाठी स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस परिसरातल्या नावांची देवनागरीत यादी करतोय, अर्थासकट. नावं गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत आहेत. मोर म्हणजे मोठा, बेक म्हणजे लहान. पण नकाशात ऊनख मोर १२२१ मीटर आणि ऊनख बेक १२३४ मीटर! आकड्यांची अदलाबदल झालीय का? शिवाय तोच शब्द कुठे 'मोर', कुठे 'व्होर' का?

खाडीकाठ:
आकडे बरोबर आहेत. इथे मोर-बेक उंचीवरून नाही, डोंगराच्या अंगावरून ठरलंय. ऊनख मोर पसरट, भल्या मोठ्या पाठीचा. बेक आटोपशीर, पण माथा १३ मीटर वर. नावं खालून बघणाऱ्यांनी दिली, उंची मोजायच्या कितीतरी आधी. आपल्या बुद्रुक-खुर्दसारखंच समजा. ते शब्दही नावामागेच लागतात, आणि आज खुर्द मोठं झालं तरी नाव बदलत नाही.

येऊर_पायवाट:
'व्होर'चं कारण लिंग. 'बेन' (डोंगर) स्त्रीलिंगी, म्हणून तिच्यामागे मोरचा व्होर होतो. 'कार्न' (दगडांची रास, तसा डोंगर) पुल्लिंगी, तिथे मोर मोरच राहतो. आपण सामान्यरूपात शब्दाचं शेपूट बदलतो, ठाणे-ठाण्यात. गेलिकमध्ये बऱ्याचदा तोंड बदलतं. स्पेलिंगमध्ये बी-एच किंवा एम-एचने शब्द सुरू झाला की 'व' म्हणा. एस-एच आणि टी-एचचा 'ह'. एफ-एच बहुधा मुका. मल बेटावरच्या डोंगराचं नाव इंग्रजी वळणाने 'बेन मोर' छापतात, त्यात हा बदल पुसला जातो. म्हणून यादी करताना गेलिक स्पेलिंग शोधून त्यावरूनच लिहा.

आणि क्रम सांभाळा, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. वाघबीळ, मानपाडा, रेतीबंदर यांत जागेचा प्रकार शेवटी येतो. गेलिकमध्ये तो बहुतेक वेळा सुरुवातीला: लोख (तळं), ग्लेन (दरी), इन्व्हर (नदीचं मुख). किनलोखलेव्हन म्हणजे 'लेव्हन लोखचं टोक'. यावरून भाषाही ओळखता येते. डालव्हिनीत 'डाल' पुढे, म्हणून गेलिक. तिथे अर्थ नदीकाठचं सपाट कुरण. हेल्म्सडेलमध्ये 'डेल' मागे, म्हणून नॉर्स (व्हायकिंगांची भाषा), अर्थ दरी. दोघांना एका रकान्यात टाकू नका.

घोडबंदरची_वाट:
हे मोलाचं आहे. मग 'किल'ने सुरू होणारी नावं सरसकट चर्चची धरू?

येऊर_पायवाट:
नको. किलब्राइडमध्ये 'किल्य' आहे, म्हणजे चर्च; संत ब्राइडचं. पण किलीक्रँकीमध्ये मुळात 'कोल्य', म्हणजे रान, अ‍ॅस्पेन झाडांचं. इंग्रजी स्पेलिंगने दोन्ही एका साच्यात बसवलेत.

खाडीकाठ:
रंगांचं जपून. 'गोर्म' निळा खरा, पण गवताचा हिरवाही त्यातच येतो. आणि केर्नगोर्म हे नाव आधी एकाच डोंगराचं. अख्ख्या रांगेचं गेलिक नाव 'मोनग रुअग', तांबूस डोंगर, कारण तिथला ग्रॅनाइट तांबडा. स्पे नदीपलीकडची 'मोनग लिअ' म्हणजे राखाडी डोंगर. ही जोडी यादीत शेजारी-शेजारी लिहा.