मागणी नाही, की माल मांडलाच नाही?
महिला फुटबॉलला प्रेक्षकच नाहीत, म्हणून कंपन्या पैसा लावत नाहीत, हे नेहमी ऐकू येणारे मत मला उलट्या क्रमाचे वाटते. 1920 साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे 53,000 लोक आले होते आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. 2004 मध्ये जागतिक फुटबॉल संघटना फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी महिला खेळाडूंनी अधिक तंग चड्ड्या घालाव्यात असे सुचवले, तेव्हा विकायला काय काढले होते ते वेगळे सांगायला नको. 2023 च्या महिला फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडची गोलरक्षक मेरी अर्प्स हिची जर्सी नायकी कंपनीने विक्रीलाच ठेवली नव्हती. ओरड झाल्यावर ती बाजारात आली आणि हातोहात संपली.

आमच्या सोलापुरात नव्या पेठेत मेस्सी-रोनाल्डोच्या जर्सी दारातच टांगलेल्या दिसतात, पण मुलीने मागितली तर तिच्यापुढे मुलांचीच लहान मापाची टाकली जाते (वर ‘ढगळच बरी दिसते’ हा सल्ला फुकट). स्पेनच्या बार्सिलोना क्लबने एरवी छोट्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या महिला संघाला 2022 मध्ये कॅम्प नोऊ हे आपले मोठे मैदान खुले केले, तेव्हा जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गविरुद्धच्या सामन्याला 91,648 प्रेक्षक आले.