स्लाइड काढून टाकणाऱ्या साधनाचे वर्णन एआय एजंटसाठी कसे लिहावे?

प्रश्न:
सादरीकरणातील स्लाइड काढण्यासाठी मी एआय एजंटला (साधने वापरून स्वतः कामे करणाऱ्या प्रोग्रामला) एक साधन, म्हणजे त्याला वापरता येणारे फंक्शन, दिले असून ‘दिलेल्या क्रमांकाची स्लाइड काढते’ एवढेच त्याचे वर्णन केले आहे. तिसरी आणि पाचवी स्लाइड काढायला सांगितली, तेव्हा तिसरीबरोबर मूळची सहावी गेली. वर्णनात काय कमी पडले?

उत्तर १:
तिसरी स्लाइड जाताच पुढच्या सर्व स्लाइड एकेक जागा मागे सरकल्या, हे एजंटला कोणीच सांगितलेले नाही. शक्य असल्यास क्रमांकाऐवजी न बदलणारा आयडी (ओळखचिन्ह) मागावा. गूगल स्लाइड्सच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामने ती सेवा वापरण्याच्या सोयीत) स्लाइड ऑब्जेक्ट आयडीनेच काढली जाते. क्रमांकच ठेवायचा असेल, तर मोजणी ० पासून की १ पासून हे स्पष्ट लिहावे, कारण पॉवरपॉइंटचे ऑब्जेक्ट मॉडेल (प्रोग्रामने पॉवरपॉइंट हाताळण्याची रचना) १ पासून मोजते आणि पायथन-पीपीटीएक्स ही पायथन भाषेतील लायब्ररी ० पासून. अनेक स्लाइड काढताना मोठ्या क्रमांकापासून सुरुवात करावी, हे वाक्यही वर्णनातच हवे.

उत्तर २:
वरील मुद्दे पटतात, पण माझ्या मते साधनाने परत दिलेले उत्तर वर्णनाइतकेच महत्त्वाचे आहे. केवळ ‘यशस्वी’ न म्हणता काढलेल्या स्लाइडचे शीर्षक आणि उरलेल्या स्लाइडची नवी यादी परत द्यावी, म्हणजे एजंट जुन्या क्रमांकांवर विसंबणार नाही. कृती पूर्ववत करता येत नसेल, तर तेही पहिल्याच वाक्यात लिहावे.

प्रश्नकर्ता:
आयडीचा पर्याय स्वीकारतो. यादी परत देण्याचे मला सुचलेच नव्हते.