पहिली शॉर्ट फिल्म : गोष्ट कशी लिहिली, पैसे कुठून आणले?

गेल्या महिन्यात दोन पोरं स्क्रिप्ट घेऊन घरी आली. ३१ पानं, सुबक टाइप केलेली. बसायच्या आधीच प्रश्न, "काका, प्रोड्यूसर कुठे मिळतो?" मी म्हटलं, बाबांनो, आपल्याकडे प्रोड्यूसर मिळत नाही, मामा मिळतो.

पोरं हसली, पण मी खरंच सांगत होतो. माझ्या पहिल्या फिल्मच्या ३८ हजारांपैकी २० हजार मामाचे. मामा रावेरकडचा, केळीवाला. गोष्टही त्याच्याच बागेची. रात्रीच्या वादळात बाग आडवी होते, कापणीला आलेले घड मातीत जातात. मी हौसेने वादळ लिहिलं होतं, धावपळ लिहिली होती, पाऊस लिहिला होता. मामाने चष्मा लावून सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "ह्या बावीस माणसांले जेवाले कोण घालीन?"

त्या रात्री स्क्रिप्टमधली माणसं मोजली. बावीसची चार केली. वादळ काढून टाकलं आणि फिल्म दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून सुरू केली. बाप एकेक घड उचलून बघतोय, व्यापारी फोन घेत नाहीये. पहिला कट मामाने मारला, शूटिंगच्या आधीच.

हिशेब सांगतो, म्हणजे इतरांनाही सांगायला लाज वाटणार नाही. तीन दिवसांचं कॅमेरा-लेन्सचं भाडं १२ हजार, साउंडवाला ६, पेट्रोल साडेचार, जेवण-चहा साडेपाच, एडिटिंग ७, हार्ड डिस्क आणि किरकोळ ३. जेवणाचा आकडा पेट्रोलच्या वर आहे, हे नीट बघा.

आणखी एक. "एक पान म्हणजे एक मिनिट" हा हिशेब इंग्रजी टायपाचा आणि त्यांच्या ठरलेल्या मांडणीचा. आपण फुलस्केपवर मराठीत लिहितो तेव्हा तो लागू होत नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून, चालत-बसत, संवाद मोठ्याने म्हणत वेळ मोजा. त्या पोरांची ३१ पानं माझ्या अंगणात ४४ मिनिटं चालली.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे केले. मोठ्या फिल्मसाठी छोटी दाखवता येते. छोटीसाठी काय दाखवायचं, ते तुम्ही लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलेही असा. फिल्म पुरी झाली असो की अर्ध्यात राहिली असो. फक्त "थोडाफार खर्च आला" असं लिहू नका, आकडा लिहा. आलेली उत्तरं खाली गावांच्या नावाने देतोय.

भुसावळ

आमचा आकडा ९ हजार. दोघा मित्रांचे अर्धे अर्धे.

गोष्ट रेल्वे क्वार्टरमधली, रिटायर होणाऱ्या गार्डची. पहिलाच सीन प्लॅटफॉर्मवर. आम्ही प्लॅटफॉर्म तिकीट काढून मोबाइल घेऊन गेलो. नुसता मोबाइल होता तोवर कुणी विचारलं नाही, ट्रायपॉड उघडला आणि पाच मिनिटांत आरपीएफचा जवान हजर. चूक आमचीच. परवानगीची चौकशी केली तर अर्ज, फी, अनामत, आणि आमच्याकडे सगळे मिळून ९ हजार.

मग अख्खी फिल्म घरात आणली. गाडी एकदाही दिसत नाही. मांडणीवरचे पेले किणकिणायला लागतात आणि म्हातारा घड्याळाकडे न बघता म्हणतो, "महाराष्ट्र. वीस मिनिटं लेट." शेवटी पेले किणकिणतात आणि तो काहीच बोलत नाही. लोकांना तेच आवडलं. परवानगी मिळाली असती तर आम्ही प्लॅटफॉर्मवरचा निरोप समारंभ शूट केला असता, हार-तुरे, पेढे, सगळं.

शूटिंग मे महिन्यात करू नका. आम्ही केलं. दुपारी बाराला मोबाइल तापून स्क्रीन काळी. मग एक जण ओला पंचा घेऊन उभा. एक टेक झाला की मोबाइल पंच्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायचा. साउंडसाठी पंखा बंद, म्हणून माणसं पण तापलेली.

धुळे

मी भिशी उचलली. बारा जणांची, महिना ५ हजारांची, बोलीची. दुसऱ्याच महिन्यात ८ हजार तोटा सोसून उचलली, हातात ५२ आले. त्यात फिल्म झाली, पण पुढचे दहा महिने हप्ता भरताना दर वेळी बायको विचारायची, "तुमची फिल्म अजून चालू आहे वाटतं?"

लिहिण्याबद्दल सांगतो. मी शिक्षक, त्यामुळे संवाद पाठ्यपुस्तकासारखे. गल्लीतल्या जिजींना काम करायला तयार केलं. स्क्रिप्टमध्ये होतं, "आई, तू कुठे निघालीस?" जिजी म्हणाल्या, "मास्तर, हाई कोन बोलस?" आणि स्वतःच म्हणून दाखवलं, "कोठे चालनी व माय?" मग मी वही बाजूला ठेवली. प्रसंग सांगायचा, जिजी बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, घरी येऊन लिहून काढायचं. स्क्रिप्टचा तिसरा खर्डा हा असा ऐकून लिहिलेला. अहिराणीत फिल्म करायची असेल तर मराठीत लिहून भाषांतर करू नका, वाक्याची चालच वेगळी आहे.

चाळीसगाव तालुका

स्पॉन्सरचा अनुभव. नाव सांगत नाही, माणूस अजून गावातच आहे. नगरपालिकेला इच्छुक होते. १५ हजार देतो म्हणाले, रोख. बदल्यात सुरुवातीला फोटो. आम्ही म्हटलं, "सौजन्य" अशी पाटी टाकू. ठीक. मग म्हणाले, चहाच्या टपरीचा सीन आहे ना, तिथे मागे आपलं बॅनर असू द्या. तेही मान्य केलं, टपरीवर तशीही बॅनरं असतातच. मग त्यांचा पुतण्या आला. त्याला रोल पाहिजे. आमच्या फिल्ममध्ये तीनच पात्रं, त्यातली एक म्हैस.

पुतण्याला दूध घालणारा केला, तो छान बोलला, ते सोडा. पण साहेबांना तिकीट मिळालं नाही, ते दुसऱ्या पक्षात गेले आणि निरोप आला की बॅनरवरचं चिन्ह बदला. शूट झालेल्या फिल्ममध्ये! एडिटरने तो भाग धूसर करून दिला, वरून २ हजार घेतले. आता बघणारे विचारतात, मागे काय लपवलंय?

स्पॉन्सर घ्या, पण काय मिळणार आणि काय नाही ते एका कागदावर लिहून सही घ्या. आम्ही लाजलो.

अमळनेर

माझी फिल्म कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाची. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ मोजतात. लहानपणी मी विचारलं होतं, माझी मूठ कुठे? उत्तर मिळालं नव्हतं. गोष्ट एवढीच. सूप, गहू, मोजणारी आजी आणि शेजारी बसलेली पोरगी. लिहायला एक दुपार लागली, कारण तीस वर्षं ती डोक्यात होती.

अडचण तारखेची. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी विसर्जन. खरी कानबाई शूट करायची तर वर्षातून एकच रात्र. पैसे त्या रविवारच्या आत नाही आले तर एकदम पुढचा श्रावण. क्राउडफंडिंगच्या, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणीच्या, साइटवर टाकायचा विचार केला, पण माझ्या आत्या-मावश्या कार्डाने पैसे भरणार कशा? मोहिमेचा व्हिडिओ इंग्रजीत करावा असंही एकीने सुचवलं. नको म्हटलं.

शेवटी आईने मार्ग काढला. म्हणाली, लग्नात कसं करतो? मी लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली, वर हळद-कुंकू लावलं, आणि माहेर-सासरच्या ग्रुपवर लिहिलं : फिल्मचं लग्न आहे, आहेर करा. लोक हसले आणि पैसे आले. ५१, १०१, ५०१. एका चुलत आजीने नातवाच्या फोनवरून ११ रुपये पाठवले. १८७ नावं, ६४,३५० रुपये. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'ला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते, १९७६ साली. ते वाचून मला धीर आला होता. फक्त त्यांना आहेर परत करावा लागला नसावा.

मला करावा लागतो. हे आधी लक्षात आलं नव्हतं. आहेराच्या वहीत नाव लिहिलं की ते देणं झालं. आतापर्यंत तेवीस लग्नं, चार वास्तू आणि एक डोहाळजेवण, वही काढून बघते आणि पाकीट भरते. मला विचाराल तर हे बँकेच्या कर्जापेक्षा बरं, व्याज नाही आणि वसुलीला बोलावतात ते जेवायला.

त्या रात्रीचं सांगते. कॅमेरावाल्याने मोठा लाइट आणला होता. मोठ्या जाऊबाई दारात उभ्या राहिल्या, देवीच्या तोंडावर लाइट मारायचा नाही. मी वाद घातला नाही. समई आणि माजघरातला पिवळा बल्ब, एवढ्यावर शूट केलं. चित्र दाणेदार आलं, पण गव्हावरून फिरणारे आजीचे हात त्या उजेडात जे दिसतात, ते त्या लाइटमध्ये दिसले नसते. गहू मोजून झाल्यावर आजीने, स्क्रिप्टमध्ये नसताना, एक मूठ भरली, पोरीकडे बघितलं, आणि परत पोत्यात टाकली. कट म्हणायचं मी विसरले.

पारोळा, सध्या पुणे

वरचं वाचून बरं वाटलं, तरी माझं मत उलटं आहे. नातेवाइकांचे पैसे घेऊ नका, पहिली फिल्म पगारातून करा. मी ४० हजारांत केली आणि चुकलो शेवटाला. फेस्टिव्हलला पाठवण्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं. मग क्रेडिट कार्डावर डॉलरमध्ये फी भरत सुटलो, चौदा ठिकाणी. तिथे दर महिन्याला "फेस्टिव्हल" भरवणारे आहेत, स्क्रीनिंग कुठेच नाही, मेलवर सर्टिफिकेट येतं आणि ट्रॉफी हवी तर वेगळे पैसे. मला तीन "बेस्ट डेब्यू" मिळाली आहेत. आईने फ्रेम करून लावली, मी सांगितलं नाही.

मागे जुनं गाणं वाजतंय असा सीनही लिहू नका. हक्क मिळवायला फिल्मपेक्षा जास्त पैसे लागतील, न मिळवता वापरलं तर यूट्यूब लगेच पकडतं. आणि स्क्रिप्ट चार जणांना पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा. मी ती पाठवून मोकळा झालो होतो.

तळोदा

आमच्याकडे पैशापेक्षा भाषा महाग पडली. पावरीत, म्हणजे पावरा आदिवासींच्या बोलीत फिल्म, एडिटर नाशिकचा, त्याला एक अक्षर कळेना. वाक्य मध्येच कापायचा. दोन दिवस त्याच्या शेजारी बसून राहिलो. एडिटरच्या टेबलाशी भाषा येणारा माणूस बसवायचा खर्च, भाडं-जेवणासकट, आधीच धरा.

शिरपूर

मी फिल्म केलेली नाही. मी लग्नाचे व्हिडिओ करतो आणि तुमच्यासारखे माझ्याकडे कॅमेरा मागायला येतात. म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

येता तेव्हा वैशाखात येता, तिथीच्या दिवशी. दोन कॅमेरे, दोन पोरं, सगळं बुक. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात मुहूर्त नसतात, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) कपाटात धूळ खातं, पोरं घरी बसलेली असतात. तेव्हा निम्म्या भाड्यात देतो, पोरंही येतात. अमळनेरच्या ताईंची कानबाई नेमकी यातच बसली, म्हणून त्यांचं जमलं. पावसाची जोखीम तुमची, कॅमेऱ्यावर प्लास्टिक मी देतो.

"नाव टाकू" हे सांगू नका. निम्मं भाडं द्या, आधी द्या. स्क्रिप्ट दाखवली तर वाचतो, आणि कुठला सीन माझ्या लेन्सने होणार नाही ते तिथेच सांगतो.

शेतात शूटिंग असेल तर बॅटऱ्या घरून चार्ज करून आणा. मागच्या वर्षी एक जण विहिरीवरच्या बोर्डाच्या भरवशावर आला होता. त्या आठवड्यात शेताच्या लाइनची पाळी रात्रीची होती. दिवसभर आम्ही बांधावर बसून शेंगा खाल्ल्या.