मदत हवी आहे: रविवारी सकाळी पावणेआठला शिवाजी पार्क, सोबत किटबॅग आणि गुडघेदुखीचे आबा

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे. मुलगा तेरा वर्षांचा आहे, डावखुरी फिरकी टाकतो. डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी त्याच्या संघाचा सामना दादरच्या शिवाजी पार्कवर आहे. हजेरी सकाळी ७:४५ ला. शनिवारी रात्री ठाण्याला नौपाड्यात नणंदेकडे मुक्काम करू, म्हणजे प्रश्न फक्त ठाणे ते शिवाजी पार्क एवढाच उरतो. पण त्या एवढ्याशाचीच मला धास्ती आहे.

गेल्या वर्षी मुंबईतल्याच दुसऱ्या एका मैदानावर सामना होता. नाशिकहून पहाटे निघालो, शेवटच्या चार किलोमीटरना पाऊण तास लागला आणि मग गाडी लावायला जागा मिळेना. पोचलो तोवर नाणेफेक होऊन अकरा जणांची यादी गेली होती. पोरगं दिवसभर इतरांना पाणी देत राहिलं. रडला नाही, पण परतीच्या वाटेवर इगतपुरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. ते पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

यंदा सासरे, म्हणजे आबाही येणार आहेत. मुलाच्या हातात पहिला चेंडू त्यांनीच दिला, अंगणात. दोन्ही गुडघे गेलेत. काठी घेऊन सपाटीवर दहा मिनिटं चालतात, पण जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत. त्यांना सामन्याचा पहिला चेंडू बघायचाय. "मागाहून या" म्हटलं की गप्प बसतात.

यजमान ड्युटीवर आहेत, गाडी मीच चालवणार. मुंबईत कधी चालवलेली नाही. लोकलने जावं की गाडीने? दादर स्टेशनहून मैदान किती लांब? रिक्षा मिळते का?

दादरकर:
ताई, आधी रिक्षाचं सांगतो, कारण बाहेरगावचे लोक तिथेच फसतात. दादरला रिक्षा नाही. माहीम आणि सायनच्या अलीकडे रिक्षा येतच नाहीत, इथे काळी-पिवळी टॅक्सी. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतो, पण इतक्या जवळचं भाडं घ्यायला काही जण नाही म्हणतात. मोठ्या माणसाला घेऊन टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

दादर पश्चिमेला उतरून रानडे रोडने सरळ चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं. सकाळी दुकानं बंद असतात, रस्ता मोकळा असतो. मात्र स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात पहाटेपासून टोपल्या, पाणी, चिखल आणि गर्दी असते. काठी घेतलेल्या माणसाला तेवढाच तुकडा जड जाईल.

लोकलवाली:
मी रोज ठाणे-दादर करते. जलद लोकलला अर्धा-पाऊण तास धरा. रविवारी सकाळी गर्दी नसते, किटबॅग आरामात मावते. दादरचे फलाट क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. आता १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुने प्रवासी अजून जुनेच आकडे सांगतात, तेव्हा पाटी बघा. रविवारी मेगाब्लॉकही असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, पण सहसा अकराच्या सुमाराला सुरू होतो, जाताना त्रास नाही. शनिवारी वेळापत्रक बघून घ्या.

पण ताई, दादरला पुलावर चढायचं आणि उतरायचं, दोन्ही आलं. सरकता जिना आहे, तरी तो तुमच्या डब्यासमोर असेलच असं नाही. आबांना लोकलने नेऊ नका.

नाशिकची आई (धागाकर्ती):
दोघांचे मनापासून आभार. म्हणजे मी आणि मुलगा लोकलने, आणि आबा नणंदेसोबत नंतर टॅक्सीने, असंच ना? मग पहिला चेंडू हुकणार. मेट्रोचं काही जमतं का?

दादरकर:
मेट्रो ३ चं दादर स्टेशन शिवाजी पार्कच्या जवळ आहे, पण ती आरे, बीकेसीकडून कफ परेडला जाते. ठाण्याहून येणाऱ्याला सोयीची नाही.

हुकणार कशाला? सगळे मिळून गाडीनेच या, फक्त लवकर. रविवारी सव्वासहाला नौपाडा सोडा. हायवेला लागा. आनंदनगर नाक्यावर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. पुढे सायन, माटुंगा, मग दादर टीटीचा चौक. टीटीला उड्डाणपुलावर चढू नका, खालूनच राहा आणि उजवीकडे टिळक पुलावर वळा. पूल उतरलात की कोतवाल उद्यान, मग प्लाझा सिनेमा, तिथून शिवाजी पार्क समोरच समजा. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे, त्याचीही वाहनं टिळक पुलावर येतात. साडेनऊनंतर तिथे अडकाल, सातच्या आत नाही.

मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर जागेसाठी फिरत बसू नका. गेट क्रमांक ५ जवळ आचरेकर सरांचं, म्हणजे सचिनच्या गुरूंचं, स्मारक आहे, तिथे आबा आणि मुलाला उतरवा. गाडी शिवसेना भवनासमोरच्या कोहिनूर स्क्वेअरच्या सार्वजनिक वाहनतळात लावा आणि चालत या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: संघाच्या सरांना आजच विचारा की सामना कुठल्या क्लबच्या खेळपट्टीवर आहे. एकाच वेळी चार-पाच सामने चालू असतात, सगळे पांढऱ्या कपड्यांत. नुसतं "शिवाजी पार्क" एवढ्यावर आलेले पालक मी मैदानाभोवतीच्या कट्ट्याची फेरी मारताना बघितलेत, आणि ती फेरी किलोमीटरहून मोठी आहे. आबांना बसायला कट्टा आहेच, वर झाडं आहेत. उन्हं चढली की लाल मातीची धूळ उडते, त्यांना रुमाल आणि चष्मा द्या.

लोकलवाली:
हेच बरोबर. शनिवारी संध्याकाळी नणंदेला शेजारी बसवून एकदा टिळक पुलापर्यंत जाऊन या. रविवारी वळण नवीन वाटणार नाही.

नाशिकची आई (धागाकर्ती):
आज सोमवार, सांगायला आले. शनिवारी दादरपर्यंत जाऊन आलो. टीटीचं वळण पहिल्यांदा चुकलंच, बरं झालं आदल्या दिवशी चुकलं. रविवारी सव्वासहाला निघालो आणि सातला पाच मिनिटं असताना स्मारकापाशी होतो. आबांनी आधी काठी नणंदेच्या हातात दिली, चप्पल काढली, दोन्ही हात जोडले आणि मगच मैदानाकडे वळले. मी गाडी लावून चालत परत येईपर्यंत ते कट्ट्यावर बसले होते, आणि पोरगं त्यांच्यासमोर बुटांच्या नाड्या बांधत होतं.

नाव अकरात होतं. चेंडू हातात यायला चौदावं षटक उजाडलं. आबा तोवर जागचे हलले नाहीत, चहाही तिथेच मागवला.

दादरकर, कुठल्या खेळपट्टीवर ते विचारायला सांगितलंत त्याबद्दल विशेष आभार. आमची पार दुसऱ्या टोकाला होती. सरांनी आधी सांगितलं म्हणून आबांना एकदाच चालावं लागलं.