ॲनी ओकलीच्या स्मरणार्थ काढलेले सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर: ठेवावे, विकावे की नाशिकला आणावे?

गंगाघाट यांची विचारणा

नमस्कार. माझे थोरले मामा पस्तीस वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक होते. गेल्या हिवाळ्यात त्यांचे निधन झाले आणि घर आवरताना मामेभावाला अक्रोडाच्या लाकडाची, काचेच्या झाकणाची एक पेटी सापडली. आत मखमलीवर एक रिव्हॉल्व्हर आहे. सिलिंडरवर, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागावर, सोन्याचा मुलामा आहे, नळीवर ॲनी ओकली या नेमबाज बाईंचे नाव आहे आणि सोबत क्रमांक घातलेले प्रमाणपत्र आहे. ते कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घाटाचे, सिंगल ॲक्शन पद्धतीचे आहे, एवढे तिथल्या एका दुकानदाराने त्याला सांगितले. मामांना बंदुकांचा शौक कधीच नव्हता. त्या बाईंच्या गावापासून ते तासाभराच्या अंतरावर राहत, म्हणून कौतुकाने घेतले असावे.

ही वस्तू खरोखर मोलाची आहे का, हे कसे ओळखावे? ॲनी ओकली असे रिव्हॉल्व्हर खरेच वापरत असत का? आणि ते नाशिकला आणता येईल का? शेवटचा प्रश्न माझ्या आईचा आहे. भावाची आठवण म्हणून खंडेनवमीच्या पूजेत ते ठेवावे, अशी तिची फार इच्छा आहे.

देवळालीकर यांचे उत्तर

लष्करात शस्त्रदुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आधी कामाचे सांगतो. शोभेची वस्तू समजून कोणीही ते हाताळू नये. स्मरणार्थ काढलेली ही रिव्हॉल्व्हरे बहुधा पूर्ण चालती असतात. सिलिंडरचे सहाही खाने, म्हणजे काडतुसांची घरे, रिकामे असल्याची खात्री आपल्या मामेभावाने स्वतः करण्यापेक्षा त्याच दुकानदाराकडून करून घ्यावी.

सिंगल ॲक्शन म्हणजे घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, दर वेळी अंगठ्याने मागे चढवावा लागतो आणि चाप फक्त तो सोडतो. घोडा मागे येतो तेव्हाच सिलिंडर एक घर फिरते आणि खालची जिभली त्याच्या खाचेत बसून त्याला पक्के धरते. कोल्टने १८७३ साली अमेरिकी लष्करासाठी काढलेल्या रिव्हॉल्व्हरची हीच रचना होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत ती साडेतीन लाखांहून अधिक निघाली आणि १९५६ पासून कंपनीने ती पुन्हा काढायला घेतली. जुन्या रचनेत घोडा पूर्ण चढेपर्यंत चार वेळा टक् असा आवाज येतो. बसलेल्या घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकते आणि धक्क्याने गोळी सुटू शकते, म्हणून जाणकार माणूस सहा घरांत पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर उतरवीत असे.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. अर्धा चढवलेला घोडा तिथूनच सोडून दिला, तर जिभली खाचेच्या बाहेर वर येते आणि सिलिंडर फिरताना त्याच्या अंगावर घासत राहते, त्यामुळे सोनेरी मुलाम्यावर बारीक वर्तुळाकार रेघ उमटते. घोडा पूर्ण चढवून मगच अंगठ्याने धरून हळू उतरवावा, असा नियम याच कारणाने आहे. पाहुण्यांना दाखवण्यासाठी कोणी चार वेळा घोडा खेळवला असेल, तर सिलिंडर ते सांगून टाकते आणि अशा वस्तूची किंमत तिथेच उतरते. मामेभावाला सिलिंडर फिरवायला न सांगता, दिसते तेवढ्या भागाचा तिरप्या उजेडात फोटो मागवा.

आता ॲनी ओकलींविषयी. त्यांचा जन्म १८६० साली ओहायोतील डार्क परगण्यात झाला. १८८५ मध्ये त्या नवरा फ्रँक बटलर यांच्यासह बफेलो बिल या माणसाच्या, पश्चिम अमेरिकेतले जीवन दाखवणाऱ्या फिरत्या खेळात दाखल झाल्या आणि १९०१ च्या रेल्वे अपघातापर्यंत बहुतेक काळ त्यात राहिल्या. सिटिंग बुल या अमेरिकेतील सू नावाच्या आदिवासी जमातीच्या सरदाराने त्यांना आपली मानलेली मुलगी म्हटले होते. मात्र त्यांचे नाव झाले ते प्रामुख्याने रायफल आणि छऱ्याच्या बंदुकीवर. तीस पावलांवर कडेने धरलेला पत्ता दुभंगणे, आरशात पाहून पाठीमागे नेम धरणे, हवेत उडवलेले काचेचे गोळे फोडणे हे त्यांचे खेळ. १८८४ मध्ये त्यांनी हजारपैकी ९४३ गोळे २२ बोअरच्या रायफलने फोडले, असा आकडा त्यांच्याविषयीच्या लेखनात सर्वत्र दिला जातो. रिव्हॉल्व्हरही त्या चालवीत, पण कोल्टच्या घाटाचे सिंगल ॲक्शन हे काही त्यांचे ओळखीचे हत्यार म्हणता येणार नाही. कंपन्या ते निवडतात, कारण गिऱ्हाइकाच्या मनातली पश्चिम अमेरिका त्याच आकाराची आहे.

तांबटआळी यांचे उत्तर

आमच्या घरात तीन पिढ्या भांड्यांवर नावे घालण्याचे काम झाले. बंदुकीतले मला काही कळत नाही, पण धातूवरच्या अक्षरांबद्दल बोलू शकतो.

भांडी बाजारात पूर्वी तांब्यावर नाव घालताना छिन्नी आणि हातोडी असे. हाताने कापलेल्या रेघेचा तळ निमुळता असतो, वळणावर ती रुंदावते, शेवटाला बारीक होत सुटते आणि भिंगाखाली तिची एक कड दुसरीपेक्षा जास्त लखलखते. दोन सारखी अक्षरे शेजारी घेतली, तर ती सख्ख्या भावांसारखी दिसतात, जुळ्यांसारखी नाहीत. तेजाबाने खाल्लेल्या अक्षराचा तळ सपाट आणि किंचित खरखरीत असतो, खोली सगळीकडे एकच. लेझरच्या कामात जवळून पाहिल्यावर ठिपक्यांच्या किंवा समांतर ओळी दिसतात आणि कड काळपट असते. साच्याने दाबलेल्या अक्षरांच्या कडेला धातू किंचित उचलला जातो. नंतर घासून पॉलिश केले नसेल, तर नखाला जाणवतो.

माझा अनुभव असा की ‘कोरीव काम’ हा एकच शब्द या सगळ्यासाठी वापरतात आणि गिऱ्हाईक फसते. हाताने केले असेल, तर एका तुकड्यावर कारागिराचे कित्येक दिवस जातात. नळीवरच्या नावातले एकच अक्षर दोन ठिकाणी शोधा, मोबाइलला दहा पटीचे भिंग लावून दोन्हींचे फोटो मागवा आणि इथे चढवा.

टपालप्रेमी यांचे उत्तर

टपाल तिकिटे छापणाऱ्या नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाच्या परिसरात वाढलो, त्यामुळे ‘स्मरणार्थ’ हा शब्द ऐकला की मी आधी आकडा विचारतो. १९४८ च्या गांधीजींच्या तिकिटांचेच पाहा. दहा रुपयांचे साधे तिकीट संग्राहकांकडे सापडते, पण गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ असा शब्द छापलेली तीच तिकिटे अवघी शंभर होती, आणि सगळी ओढाताण त्यांच्यासाठी आहे. चेहरा एकच, किंमत वेगळी.

बंदुकांतही तसेच आहे. विंचेस्टर कंपनीने १९६६ साली आपल्या शताब्दीनिमित्त काढलेली रायफल एक लाखाहून अधिक विकली गेली. इतक्या लोकांनी ती जपून पेटीत ठेवली की न वापरलेली रायफल हीच तिथे सामान्य गोष्ट झाली. तेव्हा प्रमाणपत्रावर ‘इतक्यांपैकी अमुक क्रमांक’ असे लिहिले आहे की नुसताच क्रमांक आहे, हे पाहा. तोच क्रमांक रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर आहे का, तेही तपासा. पेटी, बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके, कागद हे सगळे एकत्र राहिले पाहिजे. मुलामा आणि पेटी यांचे पैसे पहिल्या खरेदीत आधीच मोजलेले असतात, ते पुन्हा विकताना क्वचितच परत येतात.

गोदाकाठचा वकील यांचे उत्तर

आईसाहेबांच्या इच्छेबद्दल वाईट वाटते, पण उत्तर स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ४५ ची सूट जुनाट घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या अशा हत्यारांना आहे, जी दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालणार नाहीत. आपले रिव्हॉल्व्हर घाटाने एकोणिसाव्या शतकातले असले, तरी ते अलीकडे बनलेले आणि चालते आहे. सोन्याचा मुलामा आणि काचेची पेटी यांनी कायद्याच्या नजरेत काही फरक पडत नाही.

परवान्याशिवाय ते भारतात आणणे हा गंभीर गुन्हा ठरेल. परवान्यासाठी नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, परंतु परवाना मिळाला तरी परदेशातून हत्यार आणण्यावरचे निर्बंध वेगळे आणि फार कडक आहेत. सामानात घालून किंवा कुरिअरने पाठवण्याचा विचारही कोणी बोलून दाखवू नये. ते ओहायोतच राहू द्यावे.

गंगाघाट यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदाराने खाने तपासले, सहाही रिकामे निघाले. प्रमाणपत्रावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो. सिलिंडरवर मात्र केसाएवढी रेघ आहे. मामांनी कोणाला तरी घोडा चढवून दाखवला असणार, आणि त्यांचा स्वभाव पाहता ते पटते. नावातल्या दोन्ही ‘एन’ अक्षरांचे फोटो सोबत जोडले आहेत. मला तर ती जुळीच वाटतात.

आईला कायद्याचे समजावले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मग बंदूक राहू दे तिकडेच, पूजेत माझ्या भावाचा चष्मा ठेवू." मामेभाऊ ते विकणार नाही. ते कसे ठेवावे, एवढेच आता सांगावे.

तांबटआळी यांचे उत्तर

फोटो पाहिले. तळ सपाट, कडा एकसारख्या. हे तेजाबाचे काम आहे. स्वच्छ आणि चांगले आहे, पण हातचे नाही.

जपणुकीबद्दल इतकेच सांगतो, की पितळ चकाकवण्याचा कोणताही द्राव मुलाम्याला लावू नये, कारण तो थर फार पातळ असतो आणि दोन दिवाळ्यांत निघून जाईल. हाताळल्यावर बोटांचे ठसे मऊ सुती कापडाने लगेच पुसावेत, पोलादी भागांना तेलाचा पुसट हात द्यावा आणि मखमल ओल धरून ठेवते म्हणून रिव्हॉल्व्हर कायमचे तिच्यावर न ठेवता वेगळे, कुलपात ठेवावे.

देवळालीकर यांचे उत्तर

आणि घोडा पुन्हा कोणी खेळवू नये.