हिरड्यांच्या जंतूंनी हार्टची नस ब्लॉक होते का?

रावेरकर:
नमस्कार मंडळी. आईला (वय ६१) मागच्या महिन्यात जळगावला स्टेंट टाकला, आता बरी आहे. शुगर नाही, बीपी थोडं आहे, मिशरी मात्र लग्नाआधीपासून. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले हिरड्या फार खराब झाल्यात, दातांचं बघून घ्या, हार्टशी पण त्याचा संबंध असतो. खरंच आहे, हिरडी दाबली की पू येतो, दोन दाढा हलतात. पण तोंडातले जंतू पार हार्टच्या नसेपर्यंत जातात का? आणि गावातला मेडिकलवाला म्हणतोय अ‍ॅझिथ्रोमायसिनचा कोर्स देऊन टाका, सगळे जंतू मरतील. देऊ का?

दातवाला अमळनेर:
दादा, कोर्स देऊ नका, आधी हे वाचा.

पायोरियात दात आणि हिरडीच्या मधे खिसा तयार होतो, त्याची आतली बाजू कच्च्या जखमेसारखी असते, त्यामुळे चावताना, ब्रश करताना सुद्धा जंतू रक्तात शिरतात. बहुतेक लगेच मरतात. पण ऑपरेशन करून काढलेल्या नसेच्या प्लाकमधे (नसेत आतून साचलेला चरबीचा थर) पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरडीच्याच जंतूचा डीएनए सापडलेला आहे. दुसरं म्हणजे तोंडात कायम सूज असली की लिव्हर सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) जास्त बनवतं, सगळ्या अंगातच सूज राहते. नसेच्या आतल्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, तोच प्लाक, आणि सूज जास्त असली की त्याच्यावरचं झाकण पातळ होऊन फुटतं, तिथे गुठळी होते आणि अ‍ॅटॅक येतो.

मग अँटिबायोटिक का नको? १९८८ मधे फिनलंडच्या डॉक्टरांना हार्टच्या पेशंटमधे क्लॅमिडिया न्यूमोनिए (हा फुप्फुसाचा जंतू आहे, गुप्तरोगाचा वेगळा) च्या अँटीबॉडी जास्त सापडल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं पोटाचा अल्सर जसा जंतूचा निघाला आणि अँटिबायोटिकने बरा होतो, तसं हे पण गोळ्यांनी बरं होणार. मोठ्या ट्रायल झाल्या. २००५ च्या एकीत साधारण ४,००० पेशंटला वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा नुसती खोटी गोळी दिली, अ‍ॅटॅकमधे काहीच फरक नाही. डेन्मार्कला क्लॅरिथ्रोमायसिन (त्याच जातीचं अँटिबायोटिक) दिलं तर उलट मृत्यू जास्त झाले. अ‍ॅझिथ्रोमायसिनने हार्टचे ठोके पण बिघडू शकतात, हार्टच्या पेशंटला मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून ते देणं मला अजिबात पटत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मधे सांगितलं होतं की संबंध आहे, पण हिरडीमुळेच ब्लॉकेज होतं किंवा हिरडी बरी केली की अ‍ॅटॅक टळतो हे सिद्ध नाही. तरी हिरड्या बऱ्या कराच, पू कुठलाही चांगला नाही आणि दात गेले की भाकरी, भाजी सगळंच सुटतं.

भुसावळचे नाना:
दातवाला भाऊंनी एक सांगायचं राहिलं, ते फार महत्त्वाचं. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नका. स्टेंट नवा असताना गोळी सोडली तर त्यातच गुठळी होऊ शकते. मला एका ठिकाणी ‘पाच दिवस गोळी बंद करा, मग या’ सांगितलं होतं, मी हार्टच्या डॉक्टरला फोन केला तर ते अक्षरशः ओरडले. त्यांनी मला दाढ काढायलाच काही महिने थांबवलं, तोपर्यंत नुसतं क्लिनिंग. आणि जबडा दुखला की दरवेळी दाढच समजू नका, बायांना अ‍ॅटॅकचं दुखणं जबड्यात पण येतं.

शहादा_ताई:
मिशरीचं कोणीच बोललं नाही! ती भाजलेली तंबाखूच आहे हो. हिरडी तिनेच सडते आणि बीपी, नाडी पण निकोटीनने वाढते. माझ्या सासूबाईंची एकदम सुटली नाही, आधी दुपारची बंद केली, मग रात्रीची, सकाळची सुटायला फार त्रास झाला, चिडचिड, डोकं दुखणं, तेवढं घरच्यांनी सोसायचं.

रावेरकर:
सगळ्यांचे आभार. कोर्स देत नाही. सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे नेतोय, हार्टची फाईल आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत घेतो. मिशरीचं आईला ताईंचा मेसेज वाचूनच दाखवला, म्हणाली दुपारची सोडून बघते.