गच्चीचा चुना आणि मोलचं गणित

सचिव (२०१): नमस्कार मंडळी. पारा ४५ च्या वर जायच्या आत, रविवारी सकाळी ६ ला गच्चीवर चुना मारून घेऊ. इतवारी बाजारातून १४ किलो कळीचा चुना (न विझलेला चुना) आणलाय. शनिवारी सायंकाळी ड्रममध्ये भिजवायचा. पाणी किती घ्यायचं?

३०२ ताई: सर, चुन्यावरूनच विचारते. पोरगी अकरावीत आहे, मोलच्या गणितापायी कालपासून रडून राहिली. १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवलं तर कळीचा चुना किती मिळेल? तिनं १० ग्रॅम लिहिलं, ते चूक निघालं. क्लासवाल्यांनी सूत्रांचा कागद दिला, पाठ करा म्हणाले. पण सूत्र कधी लावायचं तेच तिला कळत नाही.

४०१ सर: तिलाच वाचायला द्या. बेटा, एका कार्बोनेटमधून चुन्याचा एक नग आणि कार्बन डायऑक्साइडचा एक नग निघतो, हे तू बरोबर वाचलंस. पण समीकरण नग मोजतं, ग्रॅम नाही. सगळी गफलत इथंच होते.
आपण गणपतीच्या वर्गणीची चिल्लर कशी मोजतो? रुपयाची १०० नाणी एकदा तोलायची, मग पूर्ण थैली तोलली की आकडा कळतो. मोल म्हणजे तसंच, तोलून मोजणं. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण. पूर्वी ही व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून होती, २० मे २०१९ पासून थेट आकडाच ठरवून दिला आहे.
आता एका मोलचा तोल, ग्रॅममध्ये. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन तीनदा १६. झाले १००. म्हणून १० ग्रॅम म्हणजे ०.१ मोल. चुनाही ०.१ मोलच निघेल. त्याचा एक मोल ४० + १६ = ५६ ग्रॅम. उत्तर काय?

३०२ ताई: ५.६ ग्रॅम म्हणते! अन् उरलेले ४.४ ग्रॅम वायू होऊन गेले, हे तिचं तिनंच सांगितलं.

४०१ सर: शाब्बास! ग्रॅमवरून मोल, मोलवरून मोल, मोलवरून परत ग्रॅम. मधली पायरी कधीच गाळायची नाही.
सचिव साहेब, तुमचंही उत्तर यातच आहे. १४ किलो म्हणजे २५० मोल चुना. विझायला, म्हणजे पाण्याशी संयोग व्हायला, एका मोलला पाण्याचा एक मोल लागतो, १८ ग्रॅम. म्हणजे निदान साडेचार लिटर.

१०३ काका: मग साडेचार लिटरच टाकू का?

४०१ सर: नाही नाही. विझताना चुना इतका तापतो की बरंच पाणी वाफ होऊन जातं. शिवाय मारायला पातळ हवा. भरपूर घ्या. उलटं बघा, १.८ लिटरच टाकलं तर? पाणी १०० मोल, म्हणून चुनाही १०० मोलच विझेल, ५.६ किलो. ८.४ किलो कोरडाच राहील. पाणी आधी संपलं, म्हणून लिमिटिंग रीएजंट पाणी. ते न विझलेले खडे पुढं ओल लागली की फुगतात अन् थर उखडतात. आपल्या गच्चीच्या जुन्या कठड्यावर तेच झालं होतं, मी स्वतः खरवडून पाहिलंय.

२०४ वहिनी: आमचे पोट्टे ड्रमजवळ नाचतात, बाप्पा.

४०१ सर: अजिबात जाऊ देऊ नका. पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. ड्रम लोखंडी घ्या, प्लास्टिकचा नको. चष्मा, हातमोजे घाला. डोळ्यात उडाला तर लगेच वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं धुवायचं, अन् तडक दवाखाना.

३०२ ताई: सर, आता ती स्वतः टाइप करून राहिली.

३०२ (मुलगी): सर, विझलेल्या चुन्याचा एक मोल ५६ + १८ = ७४ ग्रॅम, म्हणून २५० मोल × ७४ = १८.५ किलो विझलेला चुना. गच्चीवर वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेणार, २५० × ४४ = ११ किलो, अन् घेतलेलं साडेचार किलो पाणी परत सोडणार. शेवटी २५० × १०० = २५ किलो कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत २५ किलो चुनखडी तापवली असेल तेव्हा हेच ११ किलो बाहेर गेले होते ना?

४०१ सर: तेच! फक्त चुना पूर्ण शुद्ध असेल तर, अन् त्याला एक दिवस नाही, बरेच दिवस लागतात. बेटा, शनिवारी ५ ला वही घेऊन वर ये. ड्रमपासून दूर उभी राहा, वजन तू मांड.

सचिव (२०१): ठीक. लोखंडी ड्रम अन् पाण्याची सोय माझ्याकडे. चष्मा कोणाकडे आहे का?

१०३ काका: माझ्याकडे वेल्डिंगचा पांढऱ्या काचेचा आहे, आणतो.